शब्दचर्चा: ‘डेप्थ’ म्हणजे खोली की अंतर? आणि क्षितिजरेषा कोणती?

प्रश्न (सातारा): खांबावरच्या न हलणाऱ्या एकाच कॅमेऱ्यातून गाडी किती लांब आहे ते काढतोय. मराठी टिपणात ‘डेप्थ’ला काय लिहावं? ‘होरायझन’ला ‘क्षितिज’ चालेल का?

उत्तर १ (सांगली): ‘खोली’च लिहा, पण फक्त कॅमेऱ्याच्या समोरच्या दिशेत मोजलेल्या मापासाठी. भिंगापासून वस्तूपर्यंतच्या सरळ तिरक्या मापाला ‘पल्ला’ म्हणा. मधोमध दोन्ही सारखेच येतात. चौकटीच्या कडेला, ३० अंश बाजूला, १० मीटर खोलीचा पल्ला साधारण ११.५ मीटर होतो. दोन्हींना ‘अंतर’ म्हटलं की हिशेब चुकलाच.

उत्तर २ (सातारा): ‘क्षितिज’ नको, निदान आपल्याकडे तरी. इथे क्षितिज म्हटलं की माणूस अजिंक्यताऱ्याची कड धरतो, आणि ती कितीतरी वर असते. ‘नजरपातळी’ म्हणा, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीवरची आडवी रेषा. कॅमेरा ४ मीटरवर असेल तर सपाट जमिनीवरच्या प्रत्येक खांबाला ही रेषा ४ मीटरवरच छेदते, खांब जवळचा असो वा लांबचा. तपासायला याहून सोपी खूण नाही.

ती काढायची अशी: आधी भिंगामुळे आलेला रेषांचा बाक काढून टाका. मग रस्त्याच्या दोन समांतर कडा वाढवा, त्या मिळतात तो लोपबिंदू. या रस्त्याला छेदणाऱ्या दुसऱ्या रस्त्याचा लोपबिंदू काढून दोन्ही जोडा.

पुढे खोली म्हणजे कॅमेऱ्याची उंची गुणिले पिक्सेलमधलं नाभीय अंतर (फोकल लेंथ), भागिले गाडीचं चाक नजरपातळीच्या किती पिक्सेल खाली टेकतं ते. कॅमेरा जवळपास आडवा असला की पुरतं. ४ मीटर, १०००, १०० पिक्सेल: खोली ४० मीटर. कॅमेऱ्याची उंची मात्र फीत लावून मोजा. चित्रातून मीटर आपोआप निघत नाहीत.

प्रश्नकर्ता: ताई, समर्थ मंदिराकडच्या चढाच्या रस्त्यावर आकडे भलतेच येतात.

उत्तर २: येणारच. चढाच्या कडा नजरपातळीच्या वर मिळतात. त्या उतरत्या-चढत्या पातळीची लोपरेषाच (तिचे लोपबिंदू जोडणारी रेषा) वेगळी, म्हणून चढाचा तुकडा वेगळा हाताळा.

उत्तर १: दोन गोष्टी जोडतो. पुढच्या ट्रॉलीनं मागच्या गाडीची चाकं झाकली तर टेकण्याची जागा वर धरली जाते आणि गाडी आहे त्याहून लांब दिसते. दुसरं, वाऱ्यानं कॅमेरा १ अंश जरी कलला तरी वरच्या उदाहरणात रेषा सुमारे १७ पिक्सेल सरकते. ४० मीटरचे ३४ किंवा ४८ होतात. लांबच्या गाड्यांना तर फारच फटका: २०० मीटरवर एका पिक्सेलची चूक म्हणजे १० मीटर. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट घट्ट करा आणि रेषा अधूनमधून पुन्हा काढा.