२८-३ ची आघाडी घालवली कुणी? मॅट रायनने की डिफेन्सने?

पीचट्रीकर: सुपर बोल ५१, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अटलांटा फाल्कन्स २८-३ ने पुढे. ओव्हरटाइममध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स ३४-२८ ने जिंकले. तेव्हापासून जो तो अटलांटाच्या डिफेन्सच्या नावाने खडे फोडतो. मला हे पटत नाही. पेट्रियट्सचे ९३ प्ले (चाली) झाले, फाल्कन्सचे ४६, म्हणजे फाल्कन्सच्या डिफेन्सला दुप्पट चाली अडवाव्या लागल्या. डिफेन्सला दम खायला वेळ मिळवून देणं क्वार्टरबॅकच्या (पास टाकून चढाई चालवणाऱ्याच्या) हातात होतं. फाल्कन्सचा क्वार्टरबॅक रायनला ते जमलं नाही.

खडूस: काहीही! रायन: २३ पैकी १७ पास पूर्ण, २८४ यार्ड, २ टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार), इंटरसेप्शन (विरोधकाने पकडलेला पास) एकही नाही. पलीकडे पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी, त्याला ४६६ यार्ड कुणी दिले? बॅटरने शतक ठोकलं आणि बॉलर्सनी शेवटी मॅच घालवली, तर आपण बॅटरला शिव्या देतो का?

पीचट्रीकर: क्रिकेटमध्ये डाव संपला की बॅटर मोकळा. रायन पुन्हा पुन्हा मैदानात येत होता ना! चौथ्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं उरलेली, स्कोअर २८-१२, थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), हवा फक्त एक यार्ड. तिथे हा पास टाकायला मागे सरकला, पेट्रियट्सच्या हायटावरने त्याच्या हातातून चेंडू उडवला आणि पेट्रियट्सना तो अटलांटाच्या २५ यार्डांवर आयता मिळाला.

त्यानंतर २८-२० असताना फाल्कन्सच्या ज्युलियो जोन्सने साइडलाइनवर पाय टेकवत अफाट कॅच घेतला. चेंडू पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर. फील्ड गोलचे (किक मारून खांबांमधून) तीन गुण समोर दिसत होते. रायन चेंडू धरून बसला आणि बारा यार्ड मागे सॅक झाला (चेंडूसकट आडवा पाडला गेला). अहो, फेकून द्यायचा बाहेर!

नाना: दोघांनाही सोडा. पास टाकायचे हुकूम फाल्कन्सच्या ऑफेन्सचा कोच काइल शॅनहनचे. चेंडू पळवत घड्याळ संपवायचं सोडून!

खडूस: नाना, २२ यार्डांवरून आधी पळवूनच पाहिलं. चेंडू घेऊन धावणारा फ्रीमन एक यार्ड मागे गेला. आणि हायटावरला अडवायचं कामही फ्रीमनचंच होतं, ते हुकलं. सॅकनंतर होल्डिंगची (विरोधकाला धरून ठेवल्याची) पेनल्टी फाल्कन्सच्या मॅथ्यूजची, चेंडू आणखी मागे. यात रायन किती?

आता डिफेन्स बघा. पंट (चेंडू लाथाडून विरोधकाकडे सोपवणं) झाल्यावर पेट्रियट्स स्वतःच्या ९ यार्डांवर होते, ९१ यार्ड जायचे होते, तेही दिले. त्यात पेट्रियट्सच्या एडलमनने घेतलेला चेंडू आधी फाल्कन्सच्या आल्फर्डच्या हाताला लागून उडाला होता! टचडाउननंतरचे दोन-दोन गुणांचे दोन्ही प्रयत्नही यशस्वी. ५७ सेकंद उरले असतानाचा दुसरा अडवला असता तर स्कोअर २८-२६ राहिला असता.

पीचट्रीकर: त्याच आल्फर्डने पहिल्या हाफमध्ये ब्रेडीचा पास पकडून ८२ यार्ड धावत टचडाउन केलं, ते विसरलात? म्हणजे २८ पैकी सात गुण डिफेन्सचे. फाल्कन्सच्या जॅरेटने एकट्याने तीनदा ब्रेडीला आडवा केला. २८-३ नंतर रायनच्या ऑफेन्सने किती गुण काढले, तेवढं सांगा.

खडूस: शून्य. ओव्हरटाइममध्ये त्याच्या हातात चेंडू आलाच नाही. टॉस पेट्रियट्सनी जिंकला, ७५ यार्ड न थांबता जाऊन टचडाउन, आणि पहिल्याच टचडाउनला खेळ खल्लास. प्लेऑफमध्ये दोन्ही टीमना संधी द्यायचा नियम २०२२ मध्ये आला. तिथे एकदा, फक्त एकदा थांबवायचं होतं तुमच्या डिफेन्सने.

पीचट्रीकर: नव्वदाव्या प्लेच्या आसपास? तुम्ही थांबवून दाखवा.