माझगावच्या शाळेवर नाव कुणाचं हवं, केहिमकरांचं की कदूरींचं?

अलिबागकर:
परवा किहीमच्या रस्त्यावर मित्राला सांगत होतो, या गावचं आडनाव लावणाऱ्या हाईम सॅम्युअल केहिमकरांनी मुंबईत ज्यू मुलांसाठी शाळा काढली. तो म्हणाला, कुठली? म्हटलं, माझगावची सर एली कदूरी. "मग केहिमकर कुठं गेले?" मला उत्तर सुचेना.

१८७५ साली 'इस्रायलाइट स्कूल' निघालं. त्याआधी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, पोरं मिशनच्या शाळांत जात. हिब्रू तिथंही मिळे (मिशनरी जॉन विल्सननं १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं होतं), पण मिशनऱ्यांचा डोळा बाप्तिस्म्यावर. म्हणून केहिमकरांनी समाजाची स्वतःची शाळा उभी केली. पुढं १९३०च्या दशकात शांघायच्या कदूरींची देणगी आली आणि पाटी बदलली. बिचाऱ्या केहिमकरांचं नशीबच तसं. समाजाचा इतिहास १८९७ ला लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७ ला, तेल अवीवला, ते गेल्यावर.

पैसे दिले म्हणून नाव? मला पटत नाही.

खजिनदार काका:
भाऊ, कधी शाळा चालवली आहेस? मी एका संस्थेत अकरा वर्षं हिशेब सांभाळले. पावसाळ्यात पत्रे गळायला लागले की संस्थापकाची तसबीर फक्त भिजते. जो छप्पर घालतो, त्याचं नाव लागतं. कदूरींनी बगदादलाही शाळेला पैसे दिले. शाळांना मदत करायचा त्यांचा नेमच होता.

भायखळ्याचा:
काका, छप्पर ठीक आहे, पण पैसा कुणाचा तेही बघा. कदूरी बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंपैकी. याच बगदादी मंडळींनी १८३६ साली मुंबई सरकारकडे अर्ज केला होता की कबरस्तानात बेने इस्राएलांच्या आणि आमच्या जागेमध्ये भिंत घाला. मेल्यावरसुद्धा शेजार नको. आणि शंभर वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाचं नाव आपल्या शाळेवर!

खजिनदार काका:
मग तर चांगलंच झालं की. भिंत मागणाऱ्यांच्या नातवंडांनी वर्ग बांधून दिले. फिटलं.

भायखळ्याचा:
फिटलं कसलं. हा व्याज न धरलेला हिशेब झाला.

बेने_दिमोना:
माझी आजी या शाळेतली. ती सांगायची, फळ्यावर बाई मराठी डावीकडून लिहीत, हिब्रू उजवीकडून, आणि मधे दोन्ही ओळी एकमेकींवर आदळल्या की अख्खा वर्ग हसायचा. तिच्या तोंडी ना केहिमकर, ना कदूरी. फक्त 'बाईंची शाळा'. बाई म्हणजे रिबेका रूबेन. १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या, आणि १९२२ ते १९५० इथं मुख्याध्यापिका. अठ्ठावीस वर्षं! पाटीसाठी भांडायचंच तर त्यांना का सोडता?

नुसता वाचक:
समाजातली बहुतेक घरं १९४८ नंतर इस्राएलला गेली. आज वर्गात बहुतेक पोरं दुसऱ्या समाजांची. त्यांना कदूरी काय, केहिमकर काय. पाटीसाठी गळा कशाला काढताय?

अलिबागकर:
त्याच पोरांसाठी तर. केहिमकर म्हटलं की रायगडची लोकल पोरं लगेच विचारतील, हे किहीमचे का? कदूरीवर काय विचारणार?

खजिनदार काका:
तोडगा सांगतो. शाळा कदूरींची राहू दे, सभागृहाला केहिमकरांचं नाव द्या, ग्रंथालयाला बाईंचं.

अलिबागकर:
सभागृह देऊन गप्प बसवायची युक्ती जुनी आहे, काका. मी पाटीबद्दल बोलतोय.