‘एक महिन्याचं’ फुटेज

सोसायटी ग्रुप, कर्वेनगर. सोमवार.

सी-१०४: नमस्कार. आम्ही आठवडाभर कोल्हापूरला होतो, काल रात्री आलो. पार्किंगमध्ये स्कूटरचा डावा आरसा तुटलाय आणि बाजूला वीतभर ओरखडा. वॉचमन म्हणतो मागच्याच्या मागच्या शनिवारी रात्री कोणाचा तरी टेम्पो सामान उतरवायला आला होता. कृपया त्या रात्रीचं फुटेज बघावं.

सेक्रेटरी: ताई, आत्ताच ऑफिसमध्ये जाऊन बघितलं. रेकॉर्डिंग बुधवारपासूनचंच आहे. त्याआधीचं पुसलं गेलंय.

सी-१०४: पुसलं गेलंय म्हणजे? एजीएममध्ये तुम्हीच सांगितलंत ना, एक महिन्याचं राहतं म्हणून?

सेक्रेटरी: मला सीसीटीव्हीवाल्यानं जे सांगितलं तेच मी सांगितलं. ४ टीबीची डिस्क आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, मेमरी फुल झाली असेल, १० टीबीची टाकून घ्या. कोटेशन पाठवतोय.

खजिनदार: कोटेशन आधी माझ्याकडे. गेल्या वर्षी ८ चे १६ कॅमेरे केले तेव्हा पण ‘एवढंच, मग काही नाही’ असंच म्हणाला होता.

ए-५०१: डिस्क कशाला? फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्राम, जुनं असणार. अपडेट मारलं की एच.२६५ ही व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत चालू होईल, जागा निम्मी लागते. फाईल नेटवर मिळते. पेनड्राइव्हनं १० मिनिटांचं काम आहे, रात्री करून टाकतो.

बी-३०२: थांब रे बाबा. हात लावू नकोस. जेवून लिहितो.

सेक्रेटरी: ठीक. तोवर कोणाला लाईव्ह बघायचं असेल तर ॲडमिनचा पासवर्ड परत टाकतोय.

बी-३०२: जेवण राहू दे. आधी तो मेसेज डिलीट करा!! सगळ्यांसाठी डिलीट. ग्रुपवर ११२ जण आहेत, त्यातले निम्मे भाडेकरू फ्लॅट सोडून गेलेत.

सेक्रेटरी: केला.

बी-३०२: आता सावकाश लिहितो. सेक्रेटरींकडून चावी घेऊन मी मघाशी रेकॉर्डरचा मेनू बघून आलो. सोळाही कॅमेरे ४ एमबीपीएसवर लावलेत. म्हणजे सेकंदाला ४० लाख बिट. त्याला ८ नं भागा, अर्धा एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ जीबी झाले. सोळांचे ६९१ जीबी. ४ टीबी म्हणजे ४,००० जीबी, भागाकार करा: पावणेसहा दिवस आणि थोडं वर. बुधवार ते सोमवार. मशीन बरोबर चाललंय. ‘मेमरी फुल’ वगैरे काही झालेलं नाही. डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहायचं, हेच त्याचं काम आहे. सुरुवातीलाच एकदा भरली, तेव्हापासून रोज भरलेलीच आहे.

खजिनदार: म्हणजे एक महिना कधीच नव्हता?

बी-३०२: ८ कॅमेरे होते तेव्हा सुद्धा नव्हता. तेव्हा कोणाचा आरसा तुटला नाही इतकंच.

सी-१०४: काका, मग १० टीबीची घेतली तर?

बी-३०२: रेकॉर्डरच्या खालच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर घेऊन माहितीपत्रक काढलं. एकच डिस्क बसते आणि कमाल ६ टीबी. १० ची लावली तर काही मशीन ती ओळखतच नाहीत, काही अर्धवट दाखवतात, काही फॉरमॅट करताना लटकतात. पैसे मात्र पूर्ण १० टीबीचे जातात. हे सीसीटीव्हीवाल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण असो.

ए-५०१: काका, मान्य. पण एच.२६५ चं काय? ते तर फुकट आहे.

बी-३०२: आपले कॅमेरे कोएक्सियल वायरचे, पूर्वीच्या टीव्ही केबलसारख्या. कॅमेरा नुसतं चित्र पाठवतो, त्याची घडी घालायचं, म्हणजे दाबून लहान करायचं काम रेकॉर्डरमधली चिप करते. आपल्या मॉडेलच्या पत्रकात एच.२६४, म्हणजे जुनी पद्धत, एवढंच लिहिलंय. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नेटवर्क कॅमेरे असते तर गोष्ट वेगळी. तिथं घडी कॅमेराच घालतो, रेकॉर्डर फक्त ठेवतो. तू ज्याच्यात बघितलंस ते तसलं असणार.

ए-५०१: हो, आमच्या ऑफिसचं. 😅

बी-३०२: आणि फाईल ‘नेटवर मिळते’ हे जे लिहिलंस ना, त्यावरून माझा अनुभव ऐक. माझ्या घरी चार कॅमेऱ्यांचं छोटं मशीन आहे. दोन वर्षांपूर्वी असाच उत्साह आला. फाईल अगदी बरोबर होती, त्याच मॉडेलची, कंपनीच्याच साईटवरची. वार चुकला. गुरुवारी सकाळी ११ ला सुरू केलं. पट्टी ६० टक्क्यांवर आणि लाईट गेली. पुण्यात आयुष्य गेलं माझं, गुरुवारी लाईट जाते हे मला कोणी सांगायला नको, आणि तरी. लाईट आली तेव्हा मशीन नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवायचं, एकदा टीं करायचं आणि परत पहिल्यापासून. दिवसभर टीं, टीं.

ए-२०३ आजी: आठवतंय. मला वाटलं तुमचा कुकर.

बी-३०२: शेवटी तपकीर गल्लीत नेलं. पासोड्या विठोबाच्या अलीकडे एक मुलगा बसतो. त्यानं झाकण काढलं, बोर्डावरची एक काळी चिप दाखवली. आठ पायांची, करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिला चिमटा लावून लॅपटॉपवरून सगळं नव्यानं भरलं. चिपवर भिंगातून १२८ वाचता येत होतं. मी म्हटलं १२८ जीबी का? तो हसला. म्हणाला, काका, मेगाबिट. म्हणजे १६ एमबी. पूर्वी व्हॉट्सॲपवर जेवढा व्हिडिओ जायचा तेवढी जागा. रेकॉर्डरचं अख्खं डोकं तेवढ्यात बसवलेलं असतं. नव्या फर्मवेअरमध्ये कंपनी काहीबाही भर घालत जाते, एक दिवस ते १६ मध्ये मावेनासं होतं आणि जुन्या मॉडेलचे अपडेट थांबतात. सारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या मॉडेलची फाईल जबरदस्तीनं घातली तर तीच टीं टीं.

खजिनदार: पण मग ४ टीबी कशाला म्हणतो आपण?

बी-३०२: तेच सांगतोय. ‘मेमरी’ म्हणून सगळे एकच शब्द वापरतात, आणि तो सीसीटीव्हीवाला त्यातच आपल्याला गुंडाळतो. ४ टीबी ही डिस्क, फुटेज ठेवायची कणगी. १६ एमबी ती फ्लॅश, मशीनला काय करायचं ते सांगणारी. तिसरी रॅम, काम करतानाची हातातली जागा, ती पण बेताचीच. मागे बिबट्या आल्याचा मेसेज फिरला होता त्या रात्री काय झालं आठवा. चाळीसेक जणांनी एकदम ॲप उघडलं आणि रेकॉर्डर दोनदा रीस्टार्ट झाला. डिस्क १० टीबी केली असती तरी झालाच असता.

सेक्रेटरी: बिबट्या निघाला मांजर.

बी-३०२: आणि मांजर आलं ती पाच मिनिटं रेकॉर्डच झाली नाहीत. मोबाईलवर बघताना ॲपमध्ये सबस्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र, ठेवा, चित्र थोडं भुरकट दिसतं पण मशीनला भार कमी.

ए-५०१: म्हणजे फर्मवेअर अपडेट करायचंच नाही?

बी-३०२: करायचं! जागा वाढावी म्हणून नाही, दाराला कडी असावी म्हणून. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले असे रेकॉर्डर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता म्हणून. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाईटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कोलमडलं. लोकांच्या पार्किंगमधल्या डब्यांनी केलं ते! आपल्या राउटरवर रेकॉर्डरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, बाहेरून उघडं ठेवलंय, ते मी उद्या बंद करतो. ॲप त्याशिवाय चालेल, मशीनमध्ये क्लाउडची सोय आहे. आपल्याकडे पण सरकारनं ९ एप्रिल २०२५ पासून नवीन सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्यात. पुढच्या वेळी खरेदी करताना खजिनदारांनी ते प्रमाणपत्र मागायचं.

खजिनदार: लिहून ठेवलं. आता खर्चाचं बोला.

बी-३०२: तूर्त शून्य. गच्चीवरचा कॅमेरा पाण्याच्या टाकीचं सेकंदाला २५ फ्रेमनं (चित्रांनी) चित्रीकरण करतोय. टाकी कुठं पळून जाणार आहे? गेट, पार्किंग, लिफ्ट, जिने धरून आठ कॅमेरे २ एमबीपीएसवर, १५ फ्रेमनं. बाकी आठ १ वर. दिवसाला २५९ जीबी होतात. याच डिस्कमध्ये १५ दिवस. पुढे हौस असेल तर ६ टीबीची सीसीटीव्हीसाठीची डिस्क घ्या, २३ दिवस होतील. २४ तास लिहीत राहायला ती बनवलेली असते, कॉम्प्युटरची साधी डिस्क नको. महिना मात्र या मशीनमध्ये होणार नाही, एजीएमला तसं लिहा.

ए-५०१: हालचाल झाली तरच रेकॉर्ड असं लावलं तर महिना होईल की.

बी-३०२: गेटच्या कॅमेऱ्यासमोर बदाम आहे. वारा आला की पानं हलतात, मशीनला वाटतं चोर. जिन्यात चालेल, गेटवर नाही.

सी-१०४: हे सगळं ठीक आहे काका. माझ्या आरशाचं काय?

बी-३०२: तुमचं फुटेज गेलं, ताई. त्यावर नवीन लिहून झालंय, ते आता कोणी परत आणू शकत नाही. गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे, तिचा एकच कॅमेरा आहे आणि तो रस्त्याकडे बघतो. एका कॅमेऱ्याला डिस्क पुरते बराच काळ. उद्या सकाळी आपण दोघं जाऊन विचारू. टेम्पोचा नंबर मिळाला तर त्याच्याच मशीनमधून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. स्क्रीनचा मोबाईलनं व्हिडिओ काढून पोलिसांकडे नेऊ नका.

सी-१०४: चालेल. ९ ला खाली येते.

सेक्रेटरी: आणि आपल्या मशीनचं अपडेट?

बी-३०२: रविवारी. आधी आत्ताचं व्हर्जन लिहून घेऊ, सेटिंगची प्रत काढून ठेवू, कारण अपडेटनंतर कधीकधी सगळं कारखान्यासारखं होतं आणि घड्याळही सरकतं. मशीन लिफ्टच्या बॅटरीवर जोडू. ए-५०१, फाईल फक्त कंपनीच्या साईटवरून, स्टिकरचा फोटो समोर ठेवून. पेनड्राइव्ह कोणाकडे आहे? ८ किंवा १६ जीबीचा, जुना चालेल.

ए-२०३ आजी: माझ्याकडे आहे. त्यात अथर्वशीर्ष आहे.

बी-३०२: आजी, ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. फॉरमॅट करावा लागेल.

ए-२०३ आजी: मला येत नाही. नातू शनिवारी येतो.

बी-३०२: मग शनिवारी त्याच्याकडून करून घ्या. रविवारी सकाळी ९.