वाचनालयातले १२ कॉम्प्युटर: लिनक्स टाकावं की विंडोजच ठेवावं?

निफाडचा_वाचक
आमच्या निफाड तालुक्यातल्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची आणि अकरावी-बारावीची मुलं बसतात. देणगीतून आलेले १२ कॉम्प्युटर आहेत. सगळे चौथ्या पिढीचे आय-थ्री, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे आमची यंत्रं कागदावर बाद झाली, प्रत्यक्षात मात्र धडधाकट चालतात.

एकावर लिनक्स मिंटची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीची, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून तीन आठवडे मुलांच्या हाती दिली. ब्राउझर उघडतो, पीडीएफ वाचता येते, लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) अर्ज लिहिता येतो. मला वाटतं बाराही लिनक्सवर न्यावेत. कमिटीतले निम्मे लोक म्हणतात, मुलांचं नुकसान कराल. तुम्ही मोकळेपणाने सांगा.

खातेवही_कॉलेजरोड
माझा स्पष्ट विरोध आहे. मी कर सल्लागार आहे, ऑफिसात सहा मुलं कामाला आहेत. नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर टाकायला बसवतो, आणि टॅली विंडोजवर चालतं. वाईन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) लावून लिनक्सवर चालवणारे आहेत, पण २० तारखेला रिटर्न भरायचं असताना तसल्या जुगाडावर मी पक्षकाराचा डेटा ठेवणार नाही. पक्षकारांच्या एक्सेल फायलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, असतात, ते लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, जवळपास १५,००० कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजवर परत यायचा ठराव केला. एवढ्या श्रीमंत शहराला झेपलं नाही. तुमच्या वाचनालयात बिघाड झाला तर कोण येणार आहे?

पंचवटी_दुरुस्ती
मी येईन. पंधरा वर्षं हेच काम करतोय. पण सर, एक गोष्ट आपण सगळेच टाळतो. आपण लिनक्सची तुलना विकतच्या विंडोजशी करतच नाही, चोरीच्या विंडोजशी करतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती यंत्रांत क्रॅक मारलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली, किती असतात, ते मी रोज बघतो. क्रॅक चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात, बिघडायला नको म्हणून अपडेटही बंद करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस आला, त्याच्या दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिलेली होती. मार बसला तो अपडेट न केलेल्या यंत्रांना. म्हणजे विंडोज वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही. पैसे देऊन घेतलेलं, अपडेट असलेलं विंडोज चांगलंच चालतं. ज्याला ते परवडत नाही त्याला चोरीचं विंडोज की कायदेशीर मिंट, एवढाच प्रश्न आहे, आणि माझं उत्तर मिंट. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

म्युनिकचं म्हणाल तर तिथे राजकारणही बरंच झालं. आपल्या जवळचं उदाहरण केरळचं घ्या. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतात.

अंबड_जॉबवर्क
आमच्या शॉपमध्ये ड्रॉइंग ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून येतात. दोन्ही लिनक्सवर नाहीत. आयटीआयच्या पोरांना हेच शिकावं लागेल. विषय संपला.

गंगापूररोडची_आई
विषय कसा संपला, दादा? वाचनालयात कोणी सॉलिडवर्क्स शिकायला येत नाही. चार जीबी रॅमवर ते चालणारही नाही. माझी मुलगी बारावीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय, तिला लिनक्सवर काहीच अडत नाही. उलट टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी, वापरायची भीती गेली. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच आहेत आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. नोकऱ्या फक्त टॅलीच्याच असतात का?

खातेवही_कॉलेजरोड
ताई, महासंगणकावर किती मुलांना नोकरी लागते? निफाड-पिंपळगावच्या पोराला पहिली नोकरी लागते ती द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसात, आडत्याकडे किंवा माझ्यासारख्याकडे. तिथे जे आहे ते त्याला यायला हवं.

छपाई_रविवारपेठ
माझं मन दोन्हीकडे आहे, म्हणून जरा लांबड लावतो. पत्रिका, अहवाल, स्मरणिका हे माझं काम. वीस वर्षांच्या फायली जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टची गंमत नाही, आपत्ती आहे. त्यात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट काढला की मजकुराचा इंग्रजी कचरा होतो. शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, माझं कोरलड्रॉही विंडोजचं. मी अडकलोय.

पण ही माझी अडचण पोरांच्या गळ्यात कशाला? युनिकोड (अक्षर खरंच मराठी म्हणून साठवायची प्रमाण पद्धत) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी) दोन्हीकडे आहे, लिनक्समध्ये वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्टला डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात, महिन्याभरात हात बसतो. वाचनालयाने मुलांना हे एक शिकवलं तरी पुढे गावच्या ग्रामपंचायतीचा ठराव पन्नास वर्षांनी वाचता येईल. कंपनी बंद पडली म्हणून मजकूर मेला, असं होता कामा नये. माझ्या बाबतीत अर्धं तेच झालंय.

अंबड_जॉबवर्क
हे पटलं. पण सुरक्षिततेचा डंका वाजवू नका. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या फायली दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला होता.

पंचवटी_दुरुस्ती
खरं आहे. आणि सापडला कसा, तेही सांगा. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायच्या सोयीच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून एका अभियंत्याने खोदत खोदत शोधून काढलं. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं. तो माणूस मायक्रोसॉफ्टचाच कर्मचारी, याचा मला आनंद वाटतो.

निफाडचा_वाचक
सगळ्यांचं दोनदा वाचलं. खातेवही सरांचा पहिल्या नोकरीचा मुद्दा मला खोडता येत नाही. कमिटीपुढे असं मांडतो: दहा यंत्रांवर मिंट, आणि वर्गणी काढून एक नवीन कॉम्प्युटर, लायसन्सच्या विंडोज ११ सह, टॅली शिकण्यासाठी. उरलेली दोन जुनी यंत्रं सुट्या भागांसाठी. इनस्क्रिप्टचा वर्ग दर शनिवारी. एकच अडलंय: जुना लेझर प्रिंटर मिंटवर ओळखलाच जात नाही.

खातेवही_कॉलेजरोड
दहा जास्त होतात, सहा करा. टॅली शिकवायला माझा मुलगा महिन्यातून दोन रविवार येईल.

पंचवटी_दुरुस्ती
प्रिंटरच्या मागचा मॉडेल नंबर टाका, ड्रायव्हर असेल तर सांगतो. नसेल तर पीडीएफ करून विंडोजवाल्या यंत्रावरून छापा.