रखेल, राख की उपपत्नी?

टिपूस : अनुवाद करताना एका शब्दावर गाडी अडलीय. लेओनोर दे गुस्मान, स्पेनमधल्या सेव्हियाच्या बड्या घराण्यातली तरुण विधवा. कास्तीलचा राजा अकरावा आल्फोन्सो हिच्यात गुंतला. १३२८ मध्ये त्याचं पोर्तुगालच्या मारियाशी लग्न झालेलं, पण संसार केला हिच्याशी. दहा मुलं, दरबारात शब्दाला वजन. मी ‘रखेल’ लिहिलं, संपादकबाईंनी ‘उपपत्नी’ केलं. त्यानं धाकटी लग्नाची बायको वाटत नाही का?

खडीसाखर : रखेल हिंदी. आपला शब्द राख. आजी सांगायची, ‘सावकाराची राख नदीपलीकडं राहायची.’ मला चुलीतलीच राख दिसायची. ती तिकडं एकटी काय करते कळायचं नाही.

जुनाबाजार : रखेल काय नि राख काय, दोन्ही ‘राखणे’चीच लेकरं. उगाच सोवळं नको. आमच्याकडं अंगवस्त्र म्हणत.

सदाफुली : शी! बाई म्हणजे उपरणं? आणि ‘ठेवलेली’ तरी का? गावं तिच्या नावावर होती. सहचरी लिहा.

जुनाबाजार : ताई, सहचरी मंगलाष्टकात शोभते.

टिपूस : मूळ लेखात ‘बार्रागाना’ आहे. दहाव्या आल्फोन्सोच्या कायदेग्रंथातच त्याची फोड दिलीय : अरबी ‘बार्रा’ म्हणजे बाहेर, ‘गाना’ म्हणजे कमाई. चर्चच्या आज्ञेबाहेरची कमाई!

दर्यावर्दी : ‘बर्रा’ इथं मस्कतला रोज ऐकतो, बाहेर याच अर्थानं. म्हणजे आपली ‘बाहेरची’च की! ‘त्यानं बाहेर ठेवलीय’ म्हणतातच.

खडीसाखर : राजेसाहेबांनी ओढूनताणून बसवलेली व्युत्पत्ती वाटते. आमचे मास्तर अशाच करायचे.

टिपूस : शिवाय त्याच कायद्यात बार्रागाना ठेवायची मुभा बिनलग्नाच्या पुरुषाला. आल्फोन्सो लग्नाचा. म्हणजे लेओनोर त्यातही बसत नाही.

सदाफुली : पुढं काय झालं तिचं?

टिपूस : १३५० मध्ये जिब्राल्टरच्या वेढ्यात राजा प्लेगनं गेला. मारियाचा मुलगा पेद्रो गादीवर आला, लेओनोर कैदेत. पुढच्या वर्षी तालावेरात तिला मारलं. गाव मारियाचं, आजही नाव ‘तालावेरा दे ला रेइना’, राणीचं तालावेरा. १३६९ मध्ये माँतिएलला लेओनोरच्या एन्रीकेनं पेद्रोला मारलं आणि राज्य घेतलं.

जुनाबाजार : लेकावळा गादीवर! घराण्याला अक्करमाशी म्हणायची कुणाची छाती झाली नसेल मग.

दर्यावर्दी : अक्करमाशी म्हणजे नक्की किती?

खडीसाखर : बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी.

सदाफुली : मासा कुणाचा कमी? बापाचा मोजतच नाही कुणी.

टिपूस : अहो, माझा शब्द राहिला! उद्या मजकूर द्यायचाय.

दर्यावर्दी : पण काका, ‘अक्कर’ म्हणजे अकराच कशावरून?