चॉकलेट स्टाउटमध्ये चॉकलेट नेमकं लागतं कुठे?

पेठकर
ब्रुकलिन ब्रुअरीची 'ब्लॅक चॉकलेट स्टाउट' (अल्कोहोल १०%, ३५५ मिली) आणि यंग्जची 'डबल चॉकलेट स्टाउट' (५.२%) या दोन स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याच्या काळ्या बिअर, एकाच बैठकीत चाखून नोंदी करायच्या आहेत. यंग्जमध्ये पहिल्या घोटातच चॉकलेट आहे. ब्रुकलिन फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर नुसता कडूपणा आणि अल्कोहोलची धग. किती गार असावी? आधी कोणती घ्यावी? कॉफी, चॉकलेट आणि करपट हे वास वेगळे कसे ओळखायचे? आणखी एक: एका मायक्रोब्रुअरीच्या स्टाउटमध्ये राखेसारखी चव येते आणि जीभ तुरट होते. स्टाउट अशीच असते, की हा दोष आहे?

काळाफेस
मूळ दुखणं फ्रिजचं ४ अंश तापमान. एवढ्या गारव्यात वास उठत नाही, गोडी दबते आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. १०% ची स्टाउट १० ते १३ अंशांना प्या. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत बाटली पंधरा-वीस मिनिटं बाहेर पुरते, थंड देशात जास्त वेळ द्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर अंदाजाने जाऊच नका. मी तर ८ अंशांना पहिली नोंद करायला सांगेन आणि १३ ला दुसरी. त्याच ग्लासातली बिअर किती बदलते ते कागदावर दिसतं.

ग्लास पोट फुगलेला, तोंड निमुळतं. वाइनचा चालतो. एका वेळी १०० मिली ओता, वास साठायला वर जागा हवी. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लासला साबण किंवा तेलकटपणा राहिलाय, फेस टिकणार नाही.

क्रम: आधी यंग्ज, मग ब्रुकलिन. उलट केलंत तर १०% चा दाटपणा जिभेवर राहतो आणि यंग्ज पाणचट वाटते, तो तिच्यावर अन्याय. मध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. चकण्याची बशी चाखून होईपर्यंत लांब ठेवा. चिवड्याचं तेल फेस मारतं आणि तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं.

तांबडापांढरा
चॉकलेटबद्दल. ब्रुकलिनच्या बिअरमध्ये चॉकलेट घातलेलंच नाही. तिथले मुख्य ब्रुअर गॅरेट ऑलिव्हर यांनी ती १९९४ साली हिवाळ्यासाठी आणली. घराणं इम्पीरिअल स्टाउटचं, म्हणजे अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जायची त्या दणकट काळ्या बिअरचं. चॉकलेटचा भास येतो तो २०० अंशांच्या वर भाजलेल्या जवाच्या माल्टमधून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य). त्या माल्टचं नावच 'चॉकलेट माल्ट'. कोकोच्या बिया भाजताना जी वासाची द्रव्यं तयार होतात त्यांतली बरीचशी इथेही तयार होतात, म्हणून नाकाला ओळख पटते. यंग्जमध्ये चॉकलेट माल्टच्या जोडीला खरं डार्क चॉकलेट आणि चॉकलेटचा अर्कही असतो. पहिल्या घोटात दुधाळ, मिठाईसारखं लागतं ते त्यामुळे.

वास वेगळे करायला ओळखीच्या वस्तू शेजारी ठेवा: बिनसाखरेची कोको पावडर, कॉफीच्या भाजलेल्या बिया, चमचाभर काकवी, दोन काळ्या मनुका. आधी बिअर हुंगा, मग वाटी, मग परत बिअर. ब्रुकलिन ८ अंशांना कोरी कॉफी आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा. १३ ला काकवी वर येते, मागून मनुका आणि खजूर. चॉकलेट घोटाच्या सुरुवातीला शोधू नका. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, तिथे ते सापडतं: ८०% च्या वरच्या कोऱ्या चॉकलेटसारखं, कोरडं, शेवटी किंचित आंबूस. माझ्या मते ते यंग्जच्या चॉकलेटपेक्षा खोल आहे, फक्त उशिरा येतं.

माल्टघर
राख आणि तुरटपणा हे दोन वेगळे दोष आहेत, बरेचदा जोडीने येतात.

राखेची चव बहुधा काळं धान्य जास्त झाल्याने. चॉकलेट माल्ट, काळं माल्ट आणि भाजलेलं जव मिळून एकूण धान्याच्या १० ते १२% च्या पुढे गेलं की कोको मागे पडून कोळसा पुढे येतो. दुसरं कारण दळण. भाजलेलं माल्ट ठिसूळ, साध्या माल्टच्या गिरणीत त्याचं पीठ होतं आणि करपट चव भसकन उतरते.

तिसरं पाणी, आणि हे सगळ्यात दुर्लक्षित. काळं माल्ट आम्लधर्मी असतं. मुंबईसारखं तलावांचं मऊ पाणी असेल तर ते आम्ल मारायला त्यात बायकार्बोनेट नसतं. मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्याचा) पीएच ५.२ च्या खाली घसरतो आणि बिअर पातळ, टोचरी लागते. १० लिटरला १ ग्रॅम खायचा सोडा घातला तर बायकार्बोनेट लिटरमागे साधारण ७३ मिलिग्रॅम वाढतं. पीएच मोजत मोजत ५.४ ला आणायचा, सोडा डोळे झाकून नाही. काळं माल्ट मॅशच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत टाकणं हाही चांगला उपाय.

तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा, टरफलांतल्या टॅनिनचा. मॅशनंतर धान्यातली उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा धुणं फार लांबवून पीएच ६ कडे सरकला की टॅनिन सुटतं.

स्टाउटमध्ये भाजका कडूपणा हवाच. पण घोट संपल्यावर तो विरला पाहिजे. मिनिटभराने जिभेवर राख उरली तर दोष.

पेठकर
उत्तम, वाट्यांची कल्पना करून बघतो. ब्रुकलिनच्या दोन बाटल्या वर्षभर ठेवल्या तर चालेल?

काळाफेस
१०% ची चालते, पण उभी, अंधारात, १०-१३ अंशांना. तशी जागा नसेल तर सरळ फ्रिजमध्ये. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात ठेवू नका. ठेवलेल्या बाटलीत शेरी आणि खजूर वाढले तर ती चांगली मुरली. सोया सॉस किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर उन्हाळा आणि ऑक्सिजन लागला.

आणि एक बाटली दोघा-तिघांत वाटा. ३५५ मिलीत १०% म्हणजे ३५.५ मिली शुद्ध अल्कोहोल, आपल्या ४२.८% व्हिस्कीचे जवळजवळ पावणेतीन स्मॉल पेग. यंग्ज आधीच झालेली असणार, तेव्हा गाडी घरी ठेवूनच बसा.