ग्रहणावरून काळ ठरतो, की ठरवलेल्या काळाला ग्रहण जोडले जाते?

माहुलीकर, सातारा :
गेल्या रविवारी साताऱ्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. महाभारताच्या भीष्मपर्वात एकाच महिन्यात चंद्र आणि सूर्य दोघांनाही ग्रहण लागल्याचा उल्लेख आहे. तो संगणकावर ताडून वक्त्यांनी भारतीय युद्धाची तारीख वारासकट सांगितली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते पटले नाही. ग्रहण स्वतःहून काळ सांगत नाही. इतर साधनांनी काळ जवळपास ठरलेला असेल, तर त्यातला नेमका दिवस तेवढा ते निवडून देते.

असिरियात (आजच्या उत्तर इराकमधील प्राचीन राज्यात) प्रत्येक वर्ष एका अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई आणि त्या नावांच्या सलग याद्या मातीच्या पाट्यांवर शिल्लक आहेत. बुर-सगाले याच्या वर्षी असुर नगरात बंड झाले व सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागले, एवढीच त्रोटक नोंद आहे. ती १५ जून, इ.स.पू. ७६३ या दिवसाशी जुळली आणि त्या एका खुंटीला यादीतील मागचीपुढची सगळी वर्षे बांधता आली. महाभारतापाशी अशी यादी नाही. म्हणूनच आकाशातील नोंदींच्या आधारे डॉ. प. वि. वर्तक इ.स.पू. ५५६१ या वर्षापर्यंत पोचतात, तर नरहरी आचार इ.स.पू. ३०६७ पर्यंत. अडीच हजार वर्षांची तफावत ज्या पद्धतीत खपून जाते, तिला पुरावा कसे म्हणावे?

कृष्णाकाठ, सांगली :
माहुलीकरांनी अर्धाच उल्लेख सांगितला. त्या दोन ग्रहणांच्या मधला पक्ष तेराच दिवसांचा होता, असेही व्यास म्हणतात आणि ही गोष्ट विरळ असल्यामुळेच अभ्यासक तिच्याकडे वळतात. दुसरे असे की, लिडिया (आजचे पश्चिम तुर्कस्तान) आणि मीड (आजचे वायव्य इराण) यांचे युद्ध ऐन लढाईत दिवसाची रात्र झाल्यामुळे थांबले, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने शंभराहून अधिक वर्षांनी, ऐकीव माहितीवरून लिहिले; तरी त्या लढाईची तारीख २८ मे, इ.स.पू. ५८५ अशी जगभरच्या पुस्तकांत छापली जाते. ग्रीकांची ऐकीव गोष्ट इतिहास आणि आपली मात्र काव्य, हा न्याय मला समजत नाही.

माहुलीकर, सातारा :
हिरोडोटसवरचा आक्षेप रास्त आहे. ग्रीक तत्त्वज्ञ थेलिसने ते ग्रहण आधीच वर्तवले होते, यावर मीही विश्वास ठेवत नाही. तरीही लढणाऱ्या राजांचा काळ इतर साधनांवरून काही दशकांच्या आत आणता येतो, त्यामुळे शोधायची खिडकी अरुंद राहते. पाच हजार वर्षांची खिडकी उघडी ठेवली, तर जोडग्रहणेही अनेक सापडतील.

मुख्य अडचण तर पृथ्वीचीच आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे तिचे फिरणे मंदावते. दिवस शतकाला दोन मिलिसेकंदांहूनही कमी वाढतो, पण ही वाढ साचत जाते. १५ एप्रिल, इ.स.पू. १३६ रोजी बाबिलोनमध्ये सूर्य पूर्ण झाकला गेला आणि बुध, शुक्र, गुरू, मंगळ दिसले, असे तिथल्या पाटीवर लिहिले आहे. पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असे धरले, तर त्या छायेचा पट्टा सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राकडे जातो! हा सव्वातीन तासांचा फरक आपल्याला कळला, कारण पाटीवरची तारीख आधीच पक्की होती. असे मोजमाप इ.स.पू. ७०० च्या आसपास संपते. त्यापलीकडे संगणक तोच कल मागे ओढत नेतो. मग ग्रहण कुरुक्षेत्रावरून दिसले की नाही, हे कशाच्या बळावर सांगायचे?

मिरज जंक्शन :
१६ फेब्रुवारी १९८० रोजी हुबळीला भरदुपारी खग्रास ग्रहण झाले. मिरजेत आम्ही काजळी धरलेल्या काचेतून (आज कोणी तसे करू नये) पाहत होतो, पण शेवटपर्यंत कोर शिल्लक राहिली. एका ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांनी येते. खंडग्रास मात्र दर काही वर्षांनी. तेव्हा जुन्या ग्रंथात ‘तारे दिसले’ असे नसेल, तर ‘ग्रहण लागले’ या दोन शब्दांचे वजन फार धरू नये.

पंचांगवाचक, वाई :
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरत आहेत. ग्रहण हे आपल्याकडे दानाचे पर्व आहे. महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला पौष अमावास्येच्या सूर्यग्रहणात झाली, ती ६ जानेवारी १६६५ रोजी. आजच्या ग्रहणसूचीत तेच ग्रहण १६ जानेवारीला सापडते, कारण पहिली तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, दुसरी आजच्या ग्रेगोरियन पद्धतीची, आणि त्या काळी दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. हौशी संशोधक येथेच पहिला घोटाळा करतात.

ताम्रपटांचा प्रश्न याहून अवघड आहे. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या हैदराबाद ताम्रपटात शक ५३४ सरल्यावर, तिसऱ्या राज्यवर्षी, भाद्रपद अमावास्येच्या सूर्यग्रहणात दान दिल्याचे म्हटले आहे. शब्दशः घेतले तर ही तारीख २ ऑगस्ट ६१२ येते, पण ते ग्रहण आपल्याकडे सूर्यास्तानंतरचे आहे. २३ जुलै ६१३ चे ग्रहण दुपारच्या सुमाराचे आहे; मात्र ते धरले की शक एका वर्षाने सरकतो आणि पुलकेशीचे राज्यारोहणही. मी ६१३ मानतो, कारण न दिसलेल्या ग्रहणात कोणी हातावर पाणी सोडत नाही.

कृष्णाकाठ, सांगली :
म्हणजे ताम्रपटावर स्पष्ट कोरलेला आकडा ग्रहणासाठी सरकवायला आपण तयार आहात. मग ‘आधी यादी, मग ग्रहण’ या माहुलीकरांच्या नियमाचे काय झाले? तो नियम केवळ महाभारतापुरता आहे काय?

माहुलीकर, सातारा :
तसा नाही, आणि म्हणून मी येथे वाईकरांच्याही विरुद्ध आहे. कोरलेला शक मी हलवणार नाही. ज्योतिषाने गणिताने ग्रहण काढले आणि लेखकाने पुण्यकाळ म्हणून ते नोंदवले, असे मी मानतो. तसे असेल तर तो ताम्रपट आकाशाचा साक्षीदार नव्हे, पंचांगाचा आहे. पण पुलकेशीचे तिसरे वर्ष ६१२ मध्येच राहते.